आजीव सभासद आणि पांडुरंग सांगवीकर

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचा इतिहास मराठीत पुष्कळदा लिहिला गेला आहे, आणि तो बहुतेक वेळा प्राध्यापकांच्या खोलीत बसून लिहिला गेला आहे. चरित्रे, आत्मचरित्रे, शताब्दीची स्मरणिका, वर्तमानपत्री लेख यांपैकी काहीही उघडा. पट तोच असतो. १८८० साली चिपळूणकर आणि टिळक न्यू इंग्लिश स्कूल काढतात, मागून आगरकर येतात, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन होते, २ जानेवारी १८८५ रोजी महाविद्यालय सुरू होते. मग वामन शिवराम आपटे, आगरकर, गोळे आणि रँग्लर परांजपे अशी प्राचार्यांची माळ. या साऱ्याच्या मध्यभागी एक शब्द असतो : त्याग.

हा शब्द खोटा नाही. वीस वर्षांच्या सेवेची शपथ आणि दरमहा पंचाहत्तर रुपये, ही त्या काळच्या पदवीधराला सरकारी नोकरीत सहज मिळू शकणाऱ्या मिळकतीशी ताडून पाहिली तर खरोखरच मोठी गोष्ट होती. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले आणि तरीही याच संस्थेत परतले. पण आपल्या चरित्रकारांनी त्यागाचा अर्धाच हिशेब मांडला. आजीव सभासद कमी पगार घेत, हे सर्वांनी सांगितले. संस्थेचा अंतर्गत कारभार त्यांच्याच हाती होता, कोणाला घ्यायचे आणि पैसा कसा वापरायचा हे त्यांचे मंडळ ठरवीत असे, हे मात्र ओघात सांगून सोडून दिले. सभासद गरीब होता, पण तो कोणाचा चाकर नव्हता. त्याला मत होते.

टिळकांचा १८९० मधला राजीनामा या अंगाने पुन्हा वाचण्यासारखा आहे. आपण तो टिळक विरुद्ध आगरकर, राजकारण विरुद्ध समाजसुधारणा असा वाचतो, कारण पुढच्या तीस वर्षांचे राजकारण आपल्याला ठाऊक असते. तो रंग त्यात होताच. पण वादाची भाषा पाहिली तर ती बरीचशी पैशाची आणि वेळेची आहे. सभासदाने बाहेर मिळवलेला पैसा कोणाचा? गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तर महाविद्यालयाला द्यायच्या वेळाचे काय? टिळकांसमोर जेझुइट पाद्र्यांचा नमुना होता : सगळे आयुष्य संस्थेचे. इतरांना एवढी कडक व्रतस्थता मान्य नव्हती. म्हणजे संस्थेचे मालक असलेल्या शिक्षकांनी आपसात केलेले हे भांडण होते. असे भांडण करण्याचा अधिकार ज्याला असतो, त्याचाच त्याग स्वेच्छेचा म्हणता येतो.

टिळक गेले, आणि गणित शिकवायला १८९१ साली गोखल्यांच्या बोलावण्यावरून धोंडो केशव कर्वे आले. त्यांचे ‘आत्मवृत्त’ या संपूर्ण वाङ्मयात मला सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण ते त्यागाबद्दल जवळजवळ बोलतच नाही. मुरूड फंडाला किती, शिकवण्यांतून किती, अशा बेताने ते पुढे जाते. शैली म्हणून ते रुक्ष आहे. दोन प्रकरणे सलग वाचताना डुलकी येऊ शकते. तरी संस्था कशावर चालते हे या रुक्षपणातून जितके कळते, तितके कोणत्याही गौरवग्रंथातून कळत नाही. गौरवग्रंथ तर गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव राष्ट्रीय शिक्षणाच्या संस्थेला का दिले गेले, या साध्या प्रश्नाशीही अडखळतात. संस्थानिकांच्या देणग्या आणि सरकारची मर्जी यांच्याशिवाय १८८५ मध्ये खासगी महाविद्यालय उभे राहत नव्हते, एवढे म्हणून टाकायला काय हरकत आहे?

आणि विद्यार्थी? १९०५ मध्ये विदेशी कापडाच्या होळीबद्दल सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले, हा प्रसंग सर्वत्र येतो. त्यांची खोली आज स्मारक म्हणून जपलेली आहे. तिच्या शेजारच्या खोलीत कोण राहत होते, त्याची फी कोणी भरली, तो मेसमध्ये कोणाच्या पंक्तीला बसे किंवा बसू शकत नसे, हे कोणी विचारलेले नाही. परिसराच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा कोरा भाग आहे.

तो भरला कादंबरीने, आणि तोही उशिरा. फडक्यांच्या कादंबऱ्यांतले कॉलेज म्हणजे टेनिस, गॅदरिंग आणि प्रेम. तिथे महिन्याची अखेर कधी येत नाही. १९६३ साली ‘कोसला’ आली आणि खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याच्या वसतिगृहात राहायला आला. नेमाडे स्वतः फर्ग्युसनचे विद्यार्थी होते, पण म्हणून कादंबरीला त्या एका महाविद्यालयाची बखर समजण्याचे कारण नाही. मुद्दा दृष्टीचा आहे. वडिलांकडून येणारे पैसे, मेस, मित्रांची उधळपट्टी, परीक्षा, आणि या सगळ्यातून येणारा अपराधी भाव हे पहिल्यांदाच कॉलेजचे मुख्य वास्तव झाले. प्राध्यापक कडेला गेले. ‘कोसला’वर अस्तित्ववादाच्या अंगाने ढीगभर लिहून झाले, तिच्यातल्या जमाखर्चाकडे मात्र समीक्षेने कर्व्यांच्या जमाखर्चाइतकेच दुर्लक्ष केले. गावातला पैसा शहरातल्या शिक्षणात कसा जिरतो आणि मुलगा रिकाम्या हाताने कसा परततो, याचे एवढे नेमके चित्रण आपल्या शिक्षणविषयक ग्रंथांतही क्वचित सापडेल.

हा वाद केवळ जुन्या पुस्तकांचा असता तर एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी खासगी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वर्षानुवर्षे शिकवत आहेत. सुट्टीचा पगार नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावतील याची खात्री नाही. स्थापनादिनाच्या सभेत त्यांना पुढच्या रांगेत बसवून टिळक-आगरकरांच्या पंचाहत्तर रुपयांची गोष्ट ऐकवली जाते. त्या पंचाहत्तर रुपयांबरोबर मंडळातली एक खुर्चीही मिळत असे, हे व्यासपीठावरून सांगितले जात नाही. चरित्रकारांनी ते ठळकपणे लिहून ठेवले असते, तर सभेतल्या एखाद्याने उठून तेवढे विचारले तरी असते.