लार्राइन यांचे वाल्पाराईसो : छायाचित्रातील काव्यात्मतेचा विचार

छायाचित्राला ‘काव्यात्म’ हे विशेषण लावण्याची रीत अलीकडे फार सैल झाली आहे. चिलीचे छायाचित्रकार सेर्हिओ लार्राइन (१९३१–२०१२) यांच्या वाल्पाराईसो या बंदरावरील चित्रमालेलाही ते सर्रास लावले जाते. ही चित्रे १९९१ मध्ये पाब्लो नेरुदा यांच्या लेखनासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यामुळे कवीच्या सान्निध्यानेच चित्रांचे काव्यत्व सिद्ध झाले, असा समज होण्याचा संभव आहे. तो तपासून पाहणे अवश्य आहे.

१९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाल्यावर दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जाणारी जहाजे घटली आणि वाल्पाराईसोचे वैभव ओसरले. लार्राइन यांनी १९५०–६० च्या सुमारास टिपले ते हे ओसरलेले नगर. परंतु जुन्या ऐश्वर्याविषयी हळहळ हा त्यांचा विषय नव्हे. टेकड्यांवरील वस्ती, अरुंद जिने आणि उतारावरून चढणारे उद्वाहक यांतून चढणे-उतरणे हीच या नगराची लय होय, असे ते दाखवितात.

१९५२ मधील पासाहे बावेस्त्रेलो येथील चित्र या दृष्टीने निर्णायक आहे. दोन पाठमोऱ्या मुली पायऱ्या उतरत आहेत. छायाप्रकाशाच्या कठोर रेषांनी अवकाश तुकड्यातुकड्यांत विभागला आहे. मुलींचे केस व पोशाख इतके सारखे आहेत, की एकच मुलगी दोन क्षणी दिसते आहे असा भास व्हावा. वाच्यार्थ एवढाच, की मुली जिना उतरतात. काळाचे द्विगुणित होणे हा मात्र ध्वनी होय. येथील काव्यात्मता विषयाच्या मोहकतेत नसून रचनेत आहे.

या मालेवर दारिद्र्य सुंदर केल्याचा आक्षेप घेता येईल. ‘लोस सिएते एस्पेहोस’ या वेश्यागृहातील १९६३ ची चित्रे पाहता तो अधिकच बळावतो. सांतियागोतील निराश्रित मुलांचे चित्रण करताना लार्राइन यांनी कॅमेरा त्यांच्या उंचीवर, प्रसंगी जमिनीलगत आणला होता. वरून पाहणारी करुणा त्यांनी टाळली, हे त्यावरून दिसते. तथापि आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही. दृष्टीची समपातळी म्हणजे सामाजिक समता नव्हे. शिवाय नगराच्या अवनतीची कारणे चौकटीत येत नाहीत, ती इतिहासातूनच घ्यावी लागतात. म्हणून ही चित्रे वाल्पाराईसोचा पुरावा म्हणून अपुरी, परंतु तेथील जगण्याच्या लयीचा प्रत्यय म्हणून समर्थ ठरतात. ‘काव्यात्म’ हा शब्द वापरावयाचा तर या मर्यादेसहच वापरणे इष्ट होय.