सीमाप्रदेशातील आख्यायिका आणि वंशशोध : सिंथिया ॲन पार्कर प्रकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यास पुराव्याचा अभाव जितका अडचणीचा ठरतो, त्याहून अधिक आख्यायिकांची विपुलता अडचणीची ठरते. एकाच पूर्वजाविषयी दोन समाज दोन कथा सांगतात, तेव्हा खरी कोणती व खोटी कोणती एवढाच प्रश्न सामान्यतः विचारला जातो. तो आवश्यक असला तरी पुरेसा नाही. कोणाला कोणता पूर्वज हवा होता, हेही तपासावे लागते. अमेरिकेतील टेक्सासच्या सीमाप्रदेशातील सिंथिया ॲन पार्कर हिचे प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

घटना व नोंदी

१९ मे १८३६ रोजी कोमांची व त्यांच्या सहकारी जमातींनी पार्कर कुटुंबाच्या गढीवर हल्ला केला आणि पाच जणांना पळवून नेले. त्यांत सिंथिया होती. ती कोमांचींमध्ये वाढली, पीटा नोकोना या योद्ध्याची पत्नी झाली व तीन मुलांची आई झाली. डिसेंबर १८६० मध्ये पीझ नदीकाठच्या छावणीवर सल रॉस याच्या नेतृत्वाखाली रेंजर व लष्करी तुकडीने हल्ला केला. त्यात ती तान्ह्या मुलीसह हाती लागली व पार्कर कुटुंबाकडे सोपविली गेली. कोमांचींकडे परतण्याचे तिचे प्रयत्न निष्फळ ठरले. मुलगीही काही वर्षांतच दगावली.

या चरित्रातील साध्या तारखाही स्थिर नाहीत. अपहरणसमयी ती नऊ वर्षांची होती असे रूढ कथन आहे. परंतु १८७० च्या जनगणनेत तिचे वय ४५ नोंदलेले आढळते. त्यावरून ते अकराच्या आसपास येते. तिचा मृत्यू १८६४ मध्ये झाला असे दीर्घकाळ छापले गेले; हीच जनगणना त्या विधानास छेद देते. बखर आणि अस्सल कागद यांतील भेद मराठी अभ्यासकांस परिचित आहे. येथे एका शासकीय नोंदीने दोन रूढ समजुती डळमळीत केल्या आहेत.

पित्याच्या मृत्यूच्या दोन कथा

खरा संघर्ष नोकोनाच्या मृत्यूविषयी आहे. पीझ नदीच्या लढाईत आपण हा प्रमुख मारला, असे रॉसच्या बाजूचे कथन सांगते. जेम्स डिशील्ड्सच्या १८८६ मधील पुस्तकातून ते सर्वत्र पोहोचले. त्याच वर्षी रॉस टेक्सासच्या गव्हर्नरपदी निवडून आला. नोकोनाचा मुलगा क्वाना याने मात्र आपले वडील त्या दिवशी तेथे नव्हतेच असे सांगितले. मारला गेलेला पुरुष नोकोनाचा मेक्सिकन सेवक होता, असे कोमांची परंपरा मानते.

पॉल कार्लसन व टॉम क्रम यांनी २०१० मधील आपल्या ग्रंथात रॉसच्या बदलत गेलेल्या कथनांची छाननी केली. ज्या छावणीत बहुतांशी स्त्रिया व मुले होती, तेथील हत्याकांडाला पुढे मोठ्या लढाईचे रूप दिले गेले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते पटण्याजोगे आहे. मात्र रॉसची कथा ढासळली म्हणून क्वानाची कथा आपोआप सिद्ध होत नाही. रॉसला विजयासाठी मृत प्रमुख हवा होता. क्वानालाही पित्याची प्रतिष्ठा राखायची होती. वंशाभ्यासकाने दोन्ही कथनांना एकच कसोटी लावली पाहिजे.

कलाकृतीतील तुटलेला वंश

ॲलन ले मे यांची ‘द सर्चर्स’ ही कादंबरी (१९५४) व जॉन फोर्ड यांचा त्याच नावाचा चित्रपट (१९५६) यांचे एक बीज या घटनेत मानले जाते. दोन्हींत अपहृत मुलीचा शोध हेच सूत्र आहे. चित्रपटात ती अखेरीस गोऱ्यांच्या घरी पोहोचते आणि कथा मिटते. चित्रपटातील डेबीला मूल नाही. प्रत्यक्षातील सिंथियाला परत आणले गेले तेव्हा तिचे दोन मुलगे मागे राहिले होते. हा बदल केवळ कथानकाच्या सोयीचा मानता येत नाही. संतती वगळल्यामुळेच ‘सुटका’ निर्दोष ठरते. मुले दाखविली असती, तर तीच सुटका दुसरे अपहरण ठरली असती. चित्रपटाचे दृश्यसौंदर्य मान्य करूनही ही उणीव नोंदविणे भाग आहे. ग्लेन फ्रँकेल यांच्या २०१३ मधील ग्रंथाचे महत्त्व असे, की तो मूळ घटना, कादंबरी, चित्रपट व वंशज यांना एकत्र आणतो.

निष्कर्ष

१८७५ मध्ये शरणागती पत्करल्यानंतर क्वानाने आईचे पार्कर हे आडनाव धारण केले आणि १९१० मध्ये तिचे अवशेष टेक्सासहून ओक्लाहोमात आणवले. पुढच्याच वर्षी तो मरण पावला व तिच्याशेजारी त्याचे दफन झाले. पित्याच्या मृत्यूविषयी वाद राहिला. मातेशी असलेले नाते त्याने नावातून व थडग्यातून निर्विवाद केले. आज पार्कर आडनावाचे गोरे व कोमांची असे दोन्ही वंशज आहेत. सीमाप्रदेशाची आख्यायिका घरवापसीपाशी थांबते, वंशावळ तिच्या पुढे चालू राहते. म्हणून अशा आख्यायिकेची चिकित्सा करताना तिने काय सांगितले याबरोबरच कोणाची मुले गाळली, हे पाहणे अगत्याचे ठरते.