लेखनशिक्षणातील द्वैत : आयोवाच्या संदर्भात

मराठी समीक्षेला आयोवा विद्यापीठ परिचित आहे ते मुख्यतः दिलीप चित्रे यांच्यामुळे. तेथील आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात ते १९७५ मध्ये सहभागी झाले होते. मात्र १९६७ साली सुरू झालेला हा कार्यक्रम लेखकांच्या निवासाचा उपक्रम होय, पदवी अभ्यासक्रम नव्हे. तेथील पदव्युत्तर लेखनशिक्षणाचा इतिहास याहून जुना आहे. उच्च पदवीसाठी सर्जनशील कृती प्रबंध म्हणून स्वीकारली जाईल, असे कार्ल सीशोर यांनी १९२२ मध्येच जाहीर केले होते. १९३६ साली तेथे लेखन कार्यशाळा स्थापन झाली.

या कार्यशाळेचे पहिले संचालक विल्बर श्रॅम पुढे संज्ञापनशास्त्राचे एक प्रवर्तक ठरले. पत्रकारितेच्या वर्गात शिकवले जाणारे श्रॅम यांचे १९५४ चे प्रतिमान दोन बाबींवर उभे आहे : प्रेषक आणि ग्राहक यांची सामाईक अनुभवक्षेत्रे आणि ग्राहकाकडून परत येणारा प्रतिसाद. कार्यशाळेच्या रूढ पद्धतीतही विद्यार्थ्याचा खर्डा सहाध्यायी आधी वाचतात. चर्चेच्या वेळी लेखक मौन पाळतो. हे प्रतिमान कार्यशाळेतूनच निघाले, असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. त्यावर ऑसगुड यांचे ऋण आहे. तथापि 'सर्जनशील' आणि 'व्यावसायिक' लेखन यांतील भिंत मुळातली नसून नंतर विभागांच्या सोयीने उभारलेली आहे, एवढे यावरून निश्चित दिसते.

आपल्याकडे 'उपयोजित मराठी'च्या अभ्यासक्रमांनी ही भिंत गृहीतच धरली. जाहिरात, वृत्त, कार्यालयीन पत्र यांचे नमुने शिकवले जातात आणि लेखी परीक्षेत त्यांची पुनर्निर्मिती अपेक्षिली जाते. तेथे परीक्षक असतो, वाचक नसतो. ज्या पत्राचा अर्थ अर्जदाराला लागत नाही, तेही नमुन्यानुसार असल्यास गुणपात्र ठरते.

आयोवाचे अनुकरण हा यावरील उपाय नव्हे. युद्धोत्तर अमेरिकी कथनसाहित्य अशा अभ्यासक्रमांनी किती घडवले, हे मार्क मॅकगर्ल यांनी २००९ मध्ये दाखवले आहे. समूहाच्या अभिरुचीशी जुळवून घेण्याचा धोका या पद्धतीत आहेच. परंतु खर्डा, वाचकाचा प्रतिसाद आणि पुनर्लेखन या तिन्हींना मूल्यमापनात स्थान दिल्याशिवाय लेखनाचे शिक्षण हे लेखनप्रकारांच्या माहितीपुरतेच उरते.