‘किमी नि तोदोके’ : साध्या प्रेमकथेचे बळ

जपानमध्ये किशोरवयीन मुलींसाठी लिहिल्या जाणाऱ्या चित्रकथांना ‘शोजो’ म्हणतात. हा प्रकार मुळात साधेपणासाठी प्रसिद्ध होता असे नाही. रियोको इकेदा यांच्या १९७२ साली सुरू झालेल्या ‘बेरुसाइयु नो बारा’त फ्रेंच राज्यक्रांती आहे, राजदरबार आहे, पुरुषवेषात वावरणारी सेनाधिकारी स्त्री आहे. कारुहो शिइना यांच्या ‘किमी नि तोदोके’त (चित्रकथा २००५-२०१७, ॲनिमे मालिका २००९ पासून) यातले काहीच नाही. एक शाळा, एक वर्ग, वर्गातल्या बाकांची अदलाबदल, बस्स. तरीही पहिल्या पर्वाचे पंचवीस भाग प्रेक्षकाला धरून ठेवतात.

नायिका सावाको कुरोनुमा अबोल आणि बुजरी. तिच्या लांब काळ्या केसांमुळे ‘रिंगु’ या १९९८ च्या भयपटातल्या पिशाच्चाचे, सादाकोचे, नाव वर्गाने तिला चिकटवले आहे. काझेहाया तिच्यासाठी पराक्रम असा काहीच करीत नाही. तो तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो. चिठ्ठ्या टाकून जागा ठरतात, तिच्या शेजारी बसायला कोणी धजत नाही, आणि हा सहज येऊन बसतो. एवढ्याशा कृतीला येथे प्रसंगाचे मोल येते, कारण सावाकोचे एकटेपण आपण तोवर पुरते पाहिलेले असते.

आपल्या परिचयाच्या प्रेमकथांत अडसर बहुधा बाहेरचा असतो : घराणे, जात, पैसा. येथे तो आत आहे. आपण कोणाला आवडू शकतो हेच सावाकोला खरे वाटत नाही. म्हणून कथा प्रेमाआधी मैत्रीपाशी थांबते. यानो आणि योशिदा यांना ‘मैत्रिणी’ म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हा तिचा पहिला प्रश्न. त्यांच्याविषयीची खोटी कुजबुज खोडून काढण्यासाठी ही भित्री मुलगी शाळेच्या प्रसाधनगृहात एकटी उभी राहते. माझ्या मते मालिकेतील सर्वोत्तम प्रसंग हाच, आणि त्यात नायक नाही.

२०११ च्या दुसऱ्या पर्वात मात्र गैरसमज फार ताणले आहेत. काझेहायाचा निर्मळपणाही कधी कधी अतिच वाटतो. परंतु प्रेमाची कबुली झाल्यावरही ही दोघे बराच काळ एकमेकांना आडनावानेच संबोधतात, हा तपशील अस्सल आहे. ‘अहो’वरून ‘अरे’वर यायला किती धीर लागतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही.