तीन घरांचा खटका

गिटारच्या घरगुती पेडलमध्ये गेन कमी-जास्त करायला खटका बसवायचा, तर तो नेमका कुठे? बहुतेक जण पॉटच्या आसपास जागा शोधतात. माझा जीव मात्र जडला आहे तो ग्राउंडकडे जाणाऱ्या एका छोट्याशा वाटेवर. त्या वाटेवर फक्त एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर आहे. पण पेडलचा सगळा स्वभाव तिथे ठरतो.

नकाशा ट्यूब स्क्रीमरचा. जपानच्या सुसुमु तामुरा यांनी तो आखला आणि १९७९च्या सुमाराला आयबानेझच्या नावाने हे पेडल बाजारात आलं. खान्देशातल्या यावलमध्ये बसून ते बांधता येतं, कारण त्यात दुर्मीळ असं काही नाही. ४५५८ आयसी, ४१४८चे दोन डायोड, मूठभर फुटकळ सामान आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्यात काम भागतं, आणि वीज गेली तरी पेडल चालू राहतं.

गिटारचा सिग्नल आयसीच्या अधिक पायावर येतो. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा काही भाग उणे पायाकडे परत फिरतो. या परतीच्या वाटेवर ५१ केचा रेझिस्टर आणि ५०० केचा पॉट एकापुढे एक आहेत, आणि त्यांना समांतर दोन डायोड उलटसुलट जोडलेले आहेत. उणे पायापासून दुसरी वाट ग्राउंडला उतरते. तिच्यावर ४.७ के आणि ०.०४७ मायक्रोफॅरड. परतीच्या वाटेच्या रेझिस्टन्सला ४.७ने भागायचं आणि त्यात एक मिळवायचा, हा झाला गेन. पॉट बंद असताना तो साधारण १२ पट, पूर्ण उघडल्यावर ११८ पट.

त्या मिळवलेल्या ‘एक’कडे जरा थांबून पाहावं. त्याच्यामुळे मूळ सूर डायोडांना न जुमानता आरपार जातो, आणि फाटलेल्या आवाजाच्या तळाशी खरी गिटार ऐकू येत राहते. कपॅसिटरचं काम याहून नाजूक. ४.७ केबरोबर तो ७२० हर्ट्झची रेघ ओढतो आणि तिच्याखाली गेन उतरत जातो. सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. पॉट पूर्ण उघडला तरी तिच्या मूळ सुराच्या वाट्याला जेमतेम १३ पट येतात. म्हणून जाड तारांवर कॉर्ड मारली तरी खर्ज बरबटत नाही. हा संयम मला या नकाशातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

खटका बसवताना हाच संयम मोडायची भीती असते. नुसता ४.७ केच्या जागी २.२ के आणला तर वरच्या सुरांचा गेन दुप्पट होतो, पण खर्जाचा होतो तेवढाच राहतो, कारण तिथे सत्ता कपॅसिटरची. रेघ ७२० वरून दीड हजारावर सरकते. आवाज वाढतो आणि अंगाने रोडावतो. तेव्हा बदलायची ती जोडी. २.२ केबरोबर ०.१ घ्या, रेघ पुन्हा ७२०च्या जवळ. १० केबरोबर ०.०२२ घ्या, तरी तिथेच. दुकानात सहज मिळणाऱ्या १०, २२, ४७ या आकड्यांचे टप्पे असे पडले आहेत की तिन्ही जोड्यांचा गुणाकार, कपॅसिटर नॅनोफॅरडमध्ये मोजला तर, २२०च्या घरातच येतो. गेन बदलला, रंग तोच राहिला. ही जुळणी पहिल्यांदा कागदावर उतरली तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसलो होतो.

यापुढची गंमत अशी, की सारख्या गुणाकाराच्या जोड्या समांतर जोडल्या तरी रेघ हलत नाही. म्हणजे १० के आणि ०.०२२ कायम जोडलेले ठेवायचे, आणि मधलं घर बंद असलेला साधा टॉगल घ्यायचा. मधल्या घरात ही एकटी जोडी, गेन ५६ पर्यंत. एका बाजूला तशीच दुसरी जोडी येऊन मिळते, गेन १११. तामुरांच्या मूळ आकड्याच्या अगदी शेजारी. खटका सरकताना वाट क्षणभर तुटली तरी कायमची जोडी सूर धरून ठेवते. हाच खटका परतीच्या वाटेत बसवला असता तर त्या क्षणी आयसीचा आधार सुटून स्पीकरमध्ये मोठा ‘टक्’ झाला असता. ग्राउंडच्या वाटेतही रिकामा कपॅसिटर एकदम जोडला की टक् होतोच. म्हणून खटक्याच्या ग्राउंडकडच्या प्रत्येक तुटीवर २.२ मेगचा रेझिस्टर आडवा टाकायचा. त्याने कपॅसिटर कायम भरलेला राहतो, आणि गेनमध्ये पडणारा फरक कानाला कळत नाही.

डायोड सिलिकॉनचेच घ्यावेत, हे मात्र मी खान्देशच्या उन्हाकडे पाहून सांगतो. डायोडचा व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट घटतो. २५ अंशांवरून भुसावळकडच्या मे महिन्यातल्या ४५ वर गेलं की ४० मिलिव्होल्ट गेले. सिलिकॉनच्या ६००मधून ते फारसे जाणवत नाहीत, जर्मेनियमच्या ३००मधून जाणवतात. शिवाय जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना जवळपास दुप्पट होते.

ऐकताना घरं आवाजाच्या पातळीवरून वेगळी कळत नाहीत. डायोड माथा छाटतात, त्यामुळे गेन दुप्पट झाला तरी आवाज दुप्पट होत नाही. बदलते ती दाटी. मधल्या घरात बोटांचा दाब कळतो, हलका आघात स्वच्छ, जोराचा किंचित खरखरीत. वरातीतल्या बेंजोला पिकअप असतो, त्यालाही मी हेच घर देतो. त्याच्या सुराच्या दोन तारा कधीच तंतोतंत एकसारख्या लागत नाहीत, आणि जास्त गेनमध्ये त्या फरकाचे हेलकावे सुराच्या पुढे धावतात. दुसऱ्या घरात एकेरी सूर लांब टिकतो.

तिसऱ्या घरासाठी २.२ के आणि ०.१ ही जोडी मोहात पाडते. पण समांतरात ती गेन ३०७ वर नेते. उडी पावणेतीन पटींची, आणि ट्यूबलाइटची भुणभुण सुराआधी पुढे येते. तिथे ३.३ के आणि ०.०६८ लावावेत. गुणाकार २२४, रेघ जागच्या जागी, गेन २२३. मग ५६, १११, २२३ अशी प्रत्येक पायरी आधीच्या दुपटीची होते, आणि वाजवताना नजर खाली न वळवता कोणत्या घरात आहोत ते कानच सांगतो.