ठेंगणे सैनिक, गंभीर इतिहास

दिवाळीत भाचे आजोळी, वडनेर भोलजीला आले, की अंगणात किल्ला होतो आणि माजघरात लॅपटॉप उघडतो. यंदा पडद्यावर ग्रीक सैन्य होते. थोरला म्हणाला, “हे सैनिक आहेत की खेळणी?” धाकट्याला नेमके तेच आवडले होते. “मामा, तुम्हीच सांगा!” असे फर्मान सुटले. निवाडा मला लगेच करता आला नाही, कारण हा वाद त्या दोघांच्या आधीचा आहे.

‘एज ऑफ एम्पायर्स’ हा व्यूहरचनेचा खेळ एन्सेम्बल स्टुडिओजने १९९७ मध्ये आणला. १९९९ च्या दुसऱ्या भागाने त्याला कीर्ती दिली. गावे वसवायची, लाकूड, अन्न, सोने जमवायचे, मग लढायचे. ऑगस्ट २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने याच मालिकेचा एक फाटा काढला : ‘एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन’. त्यात भडक रंग, ठेंगणे सैनिक, फुगीर शस्त्रे आणि मिश्कील संवाद होते. जुने चाहते बिथरले. इतिहासाचा पोरखेळ केला, हा त्यांचा मुख्य आक्षेप.

या आक्षेपात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत : चित्र कसे काढले आणि सूर कोणता लावला. आधी चित्र. असा खेळ आपण उंचावरून पाहतो. शंभर माणसांच्या गर्दीत भालाईत कोणता, धनुर्धर कोणता, हे क्षणात कळावे लागते. ठळक आकृती ही तिथे कामाची गरज आहे. त्यामुळे ‘बालिश’ म्हणून हिणवलेली शैली खेळणाऱ्याच्या डोळ्यांना मदतच करत होती.

उलट उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ मध्ये मराठ्यांचे राज्य खेळता येते. चित्रण वास्तवदर्शी, धुरासकट. पण मोहीम १७०० साली सुरू होते आणि राज्याचे नाव आहे ‘मराठा संघ’. त्या वर्षी राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले, औरंगजेबाने सातारा घेतला आणि ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांचा संघ ही नंतरची गोष्ट. वास्तवदर्शी चित्राने हा कालविपर्यास बेमालूम झाकला. ठेंगणा सैनिक निदान आपण खेळणे आहोत हे लपवत नाही.

खेळ तोच ठेवून चित्र बदलणे आपल्याला नवे नाही. मोगल गंजिफा आठ रंगांचा, ९६ पानांचा. त्यातून दशावतारी गंजिफा झाला : दहा रंग, १२० पाने. सावंतवाडीच्या चितारांनी लाखेच्या गोल पानांवर मोजक्या रेषांत अवतार बसवले. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवे. हात जिंकण्याची रीत मुळाचीच राहिली. बदलले ते पानावरचे जग आणि त्याबरोबर खेळाचा भाव. मोजक्या रेषांतला नरसिंह पाहून त्याचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही.

आता सूर. इथे चाहत्यांचा राग निराधार नव्हता, फक्त त्याचा रोख चुकला. हा फाटा फुकट खेळता येई. पण पैसे मोजल्याशिवाय उत्तम आयुधे वापरता येत नसत, सल्लागार मिळत नसत. जुन्या खेळात हार झाली तर दोष आपल्या डावपेचाचा असे. इथे तो खिशाचाही असू शकत होता. व्यूहरचनेच्या खेळाचे गांभीर्य या समतेत असते, सैनिकाच्या उंचीत नाही. थट्टेखोर संवाद खपून गेले असते. दारात मांडलेला गल्ला खपला नाही.

१ जुलै २०१४ रोजी सर्व्हर बंद झाले. पुढे चाहत्यांनीच आपला सर्व्हर उभा करून खेळ जिवंत केला आणि तो सर्वांना मोकळा केला. त्यांनी गल्ला काढला, चित्रे मात्र तीच ठेवली. वादाचा निकाल यात आला, असे मला वाटते.

भाच्यांना मी एवढेच म्हणालो, “सैनिक कसा दिसतो ते सोडा. तो हरला तर का हरला, ते आधी बघा.” थोरला गप्प झाला; कारण तेवढ्यात धाकट्याने त्याचा कोट पाडला होता.