माणिकबागेतली रिकामी दालने

घराचे छायाचित्र आणि घरात राहणाऱ्या माणसांचे छायाचित्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिले उत्तम उतरले म्हणून दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याच्या छायाचित्रांइतका याचा ठळक दाखला आम्हांस दुसरा ठाऊक नाही.

महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) आणि महाराणी संयोगिताबाई यांच्यासाठी एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाने १९३० ते १९३३ या काळात हा वाडा सिद्ध केला. संस्थानी प्रासादांत ज्या झुंबरांची आणि सोनेरी नक्षीची सवय झाली होती, तिला येथे फाटा मिळाला. रुलमान यांचे लिहिण्याचे मेज, आयलीन ग्रे यांची आरामखुर्ची, दा सिल्व्हा ब्रून्स यांचे गालिचे, लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स यांनी घडविलेले धातू-काचेचे पलंग, असे युरोपातील नव्या घडणीचे उत्तमोत्तम नमुने माळव्याच्या मातीत एका छताखाली आले.

या दालनांची छायाचित्रे खुद्द मुथेसिउस यांनी घेतली आणि त्यांतूनच माणिकबाग जगाला ठाऊक झाली. त्यांचे गुण निर्विवाद आहेत. रेषा ताठ, पृष्ठभाग स्वच्छ, प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे. धातूवरची चमक आणि गालिच्याचा जाडसरपणा यांतला फरक नजरेला जाणवतो. मात्र आमच्या पाहण्यातील या संचात माणूस नाही. खुर्ची आहे, पण कोणी नुकतेच तिच्यावरून उठून गेल्याची खूण नाही.

आता दुसरा संच पाहू. १९३० च्या सुमारास मॅन रे या विख्यात छायाचित्रकाराने फ्रान्समध्ये या दांपत्याची छायाचित्रे घेतली. पाश्चात्त्य पोशाखातले, परस्परांच्या अगदी निकट आलेले, दरबारी ऐट बाजूला ठेवलेले हे पतिपत्नी पाहून आजही आश्चर्य वाटते. राजाराणीच्या चित्रांत सहसा सिंहासन, शिरपेच आणि अंतर असते. येथे तारुण्य आहे, जवळीक आहे. व्यक्तिचित्रणाचा हा नमुना फार वरच्या दर्जाचा आहे, असे आम्ही नि:संकोच म्हणतो. परंतु येथे घर नाही. माणिकबाग तेव्हा पुरी व्हावयाची होती.

एका संचात घर, दुसऱ्यात दांपत्य. दोहोंच्या मधल्या फटीतून निसटला तो संसार. १९३३ मध्ये वाडा पुरा झाला, त्याच वर्षी कन्या उषाराजे जन्मल्या, आणि १९३७ मध्ये ऐन विशीत संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या. पुऱ्या झालेल्या या घरात उभयतांच्या वाट्याला जेमतेम चार वर्षे आली, आणि त्यांतलाही बराच काळ परदेशी गेला. त्या वर्षांत कागलहून होळकरांच्या घरी आलेली ही तरुणी काचेच्या त्या पलंगाशी कशी रुळली, मुलीचा वावर कोणत्या दालनात असे, दुपारच्या उन्हात कोणत्या बाजूची दारे लोटली जात, हे ही छायाचित्रे सांगत नाहीत.

वास्तूच्या छायाचित्रात माणूस आला की प्रमाण व रचना यांवरून लक्ष ढळते, असा आक्षेप कोणी घेईल. वास्तुशिल्पज्ञाच्या दृष्टीने तो रास्त आहे. मुथेसिउस यांनी आपल्या धंद्याचा शिरस्ताच पाळला. पण या शिरस्त्याचे फळ काय झाले तेही पाहिले पाहिजे. १९८० मध्ये सदबीजने माणिकबागेतील सामान मोनॅकोत लिलावाने विकले. ते पुढे संग्राहकांकडे व संग्रहालयांकडे पांगले. वास्तूत सरकारी शुल्कखात्याची कचेरी आली. पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने २०१९ मध्ये या महाराजांवर मोठे प्रदर्शन मांडले, तेव्हा विखुरलेल्या वस्तूंना पुन्हा एकत्र जागा मिळाली. कोणती खुर्ची कोठे होती, हे रिकाम्या दालनांची चित्रे चोख सांगतात. त्यांनी घराची बिनचूक यादी राखली, पण त्या वस्तूंवर कोणाचा हात फिरला हे यादीत लिहिलेले नसते.

हा दोष केवळ राजवाड्यांचा नव्हे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपले जुने वाडे पाडावयास निघाले म्हणजे घाईघाईने छायाचित्रे घेतली जातात ती सागवानी खांबांची, कोरीव दाराची, चौकातल्या तुळशीवृंदावनाची. आजी-आजोबांचे चित्र असते ते लग्नानंतर एखाद्या स्टुडिओत, रंगविलेल्या पडद्यापुढे काढलेले. म्हणजे मुथेसिउस आणि मॅन रे यांच्यात जी वाटणी झाली तीच आपण करतो, आणि त्यांचे कौशल्य नसताना करतो. ज्या माजघरात त्या बाईने पन्नास वर्षे काढली तेथे, तिच्या नेहमीच्या पाटावर, सुपातले धान्य निवडताना घेतलेले एखादे चित्र किती घरांत सापडेल?

माणिकबागेच्या छायाचित्रांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. ती नसती तर एका मराठी राजदांपत्याने माळव्यात किती धीट स्वप्न पाहिले, हे पुढच्या पिढीस कळलेही नसते. पण वास्तूचे चित्र आणि घराचे चित्र यांतला भेद ज्यांना शिकावयाचा असेल त्यांनी हे दोन्ही संच शेजारी ठेवून पाहावेत. आणि आपला वाडा अजून उभा असेल, त्यात राहणारी दोन माणसे अजून हयात असतील, तर त्यांना त्यांच्या जागीच बसवून चित्र घ्यावे, आणि मागे नावे व तारीख लिहून ठेवावी.